दारामागचा पिट्ठू

फोन आला तेव्हा मी कोलंबी सोलत होते. दुपारचे साडेतीन वाजले असतील. दादा दहिसरच्या ज्या टॉवरवर सिक्युरिटी सुपरवायझर होता, तिथल्या वॉचमनचा फोन होता. "मॅडम, दिलीपसर खुर्चीत बसलेत, पण उठतच नाहीयेत," तो म्हणाला. उठत नाहीयेत म्हणजे काय, हे मी त्याला विचारलं नाही. उरलेली कोलंबी सोलली, धुतली, हळद-मीठ लावून फ्रीजमध्ये ठेवली, ओटा पुसला, हाताला लिंबू चोळलं आणि मग गाडी बोलावून मुलुंडहून निघाले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्खा भाऊ गेल्याची बातमी ऐकून कोलंबी सोलत बसणारी बाई कशी असेल, असं लोकांना वाटेल. वाटू दे. सात आठवडे झाले तरी माझी अवस्था फारशी वेगळी नाही. स्वयंपाक करते, शाळेत जाऊन शिकवते, पेपर तपासते. मधेच कुणी 'सावरलात का?' विचारतं, आणि नक्की काय सावरायचं ते मला कळत नाही…

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. आमचं घर म्हणजे दहिसरला नदीजवळच्या चाळीतली पहिल्या मजल्यावरची खोली. बाबा गिरणीत होते, मूळ गाव मालवणकडचं. दादाने एकोणिसाव्या वर्षी पायदळात भरती होऊन सतरा वर्षं नोकरी केली, हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि परत त्याच खोलीत आईसोबत राहायला आला. खोलीच्या दारामागे एक मोठा खिळा आहे. त्यावर त्याचा पिट्ठू टांगलेला असायचा. पिट्ठू म्हणजे सैनिक पाठीला लावतात ती पिशवी. त्यात त्याने वाळूच्या पुड्या भरल्या होत्या, जाड प्लास्टिकच्या, चिकटपट्टी मारून पक्क्या केलेल्या. सतरा किलो. तो पिट्ठू इतका फुगलेला की दार पूर्ण उघडायचंच नाही. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस, मग तो गॅसवाला असो की नवी नवरी, अंग चोरून तिरका आत शिरायचा. आई रोज एकदा तरी करवादायची, "ह्या काय मेला दारात बांधून ठेवलंय!" दादा हसायचा आणि तिथेच ठेवायचा.

दर रविवारी सकाळी तो पिट्ठू पाठीला लावून तो चालायला निघे. चेकनाक्यावरून बोरिवलीला, नॅशनल पार्कात शिरून वरच्या लेण्यांपर्यंत आणि परत. गुडघे बोलायला लागले तेव्हाही वाळू कमी केली नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी पाच-सहा पोरं-पोरी त्याच्यामागे धावायला यायची. येताना नदीच्या पुलावर बसून ती त्याला कमांडोंबद्दल विचारायची, आणि एरवी तीन शब्दांत बोलणारा माझा भाऊ तिथे मात्र सुटायचा. झोप नाही, धड खाणं नाही, पाठीवर ओझं, हातात ओंडका, तळव्यांची सालं निघालेली, आणि यातलं काहीही जबरदस्तीचं नाही. 'नको' म्हणायची मुभा प्रत्येक मिनिटाला. हे सांगताना त्याचा आवाज खाली यायचा. शेवटची लांब चाल असते, तेव्हा किती अंतर उरलंय हे कुणालाच सांगत नाहीत. मागून एक ट्रक हळूहळू येत असतो. त्यात घोंगडी असते, गरम चहा असतो. ज्याला नको झालं त्याने ट्रकात बसायचं. कुणी ओरडत नाही, कुणी हसत नाही. चहा हातात देतात आणि तुम्ही आपल्या पलटणीत परत जायला मोकळे. "आमच्यातला एक जण बसला," तो सांगायचा. "नंतर कळलं, तिथून चार किलोमीटर उरले होते फक्त." पोरं हळहळायची. "बिचारा!" एखादी म्हणायची. "बिचारा कसला, थकला होता," दादा म्हणायचा आणि पिट्ठूचे पट्टे आवळायला घ्यायचा. मी दोन-तीनदा त्या पुलावर हजर होते. त्या वेळी मी नदीकडे बघत बसायचे, कारण ट्रकात बसलेला तो एक जण कोण हे तिथे फक्त आम्हा दोघांनाच माहीत होतं.

आता सांगून टाकते. माझा भाऊ कमांडो नव्हता. आमच्या चाळीत, आजूबाजूच्या चार गल्ल्यांत आणि गावी मालवणलाही त्याला तीस वर्षं 'कमांडो' म्हणत आले. ही थाप त्याची नव्हती. ती माझी.

मी सतरा वर्षांची होते. बाबांची गिरणी कायमची बंद पडली होती. ते सकाळी उठून गॅलरीत स्टुलावर बसायचे ते संध्याकाळपर्यंत. कुणाशी बोलणं नाही, दाढी नाही. अशात दादाचं पत्र आलं की, त्याने कमांडोंच्या चाचणीसाठी स्वतःहून नाव दिलंय, तीन महिने पत्र येणार नाही, काळजी करू नये. बाबांनी ते माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली. मग खाली उतरू लागले, नाक्यावर जाऊन लोकांना सांगू लागले. तीन महिने बाबा माणसांत होते. पत्र वाचायची आमच्याकडे एक ठरलेली रीत होती. आईला वाचता येत नव्हतं, बाबांना मोतीबिंदू. त्यामुळे पोस्टमनने खालून हाक मारली की मी पत्र आणायचं, गॅलरीत उभं राहायचं आणि मोठ्याने वाचायचं. शेजारची दारं उघडायची, बायका हात पुसत यायच्या. पत्र एकट्याचं नसायचंच. दुसरं पत्र आलं तेव्हा तर अख्खा मजला जमला होता. मी फोडलं. मला आधी डोळ्यांनी एक ओळ पुढे जाऊन मग तोंडाने वाचायची सवय होती. तशी मी पुढे गेले, आणि तिथे 'मी पास झालो नाही' असं लिहिलेलं होतं. समोर बाबा स्टुलावरून उठून उभे राहिले होते.

"मी पास झालो," मी वाचलं.

पुढचं सगळं मी रचलं. साहेबांनी पाठ थोपटली म्हणे, कमांडोंची ती मरून रंगाची टोपी मिळाली म्हणे. इतकं सुरेख रचलं की शेजारच्या काकू रडल्या. बाबांनी लगेच पेढे आणायला पाठवलं. मी पत्र घडी करून माझ्या भूगोलाच्या वहीत ठेवलं आणि संध्याकाळी दादाला लिहून कळवलं की असं असं झालं, रागावू नकोस, तू आलास की आपण दोघं मिळून सांगू. तो गणपतीला आला. चाळीच्या तोंडाशी बोर्ड लागला होता, 'आमच्या चाळीचा अभिमान'. हातात ट्रंक घेऊन तो रिक्षातून उतरला, बोर्ड वाचला आणि मान वर करून गॅलरीत माझ्याकडे पाहिलं. मंडळाची माणसं शाल-श्रीफळ घेऊन उभीच होती. बाबा नवं धोतर नेसून सगळ्यांत पुढे. दादाने ट्रंक खाली ठेवली आणि शाल घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नदीकडे गेलो. मी रडत होते. तेव्हा येत होतं मला रडू. तो म्हणाला, "वाचून झालंय ना? झालं तर मग. बाबांना सांगायचं नाही." मला वाटलं सुटले. आज लिहिताना त्या सुटल्यासारखं वाटण्याची सगळ्यांत जास्त लाज वाटते. बाबा पुढे नऊ वर्षं जगले आणि अखेरपर्यंत कमांडोचे बाबा म्हणून जगले. ते गेल्यावर मी म्हटलं, आता सांगू या. "आईला कशाला आता?" दादा म्हणाला. त्यानंतर मी हा विषय दर दोन-चार वर्षांनी काढत राहिले आणि तो 'राहू दे गं' म्हणत राहिला. खरं सांगायचं तर तो तसंच म्हणणार हे माहीत असायचं, म्हणूनच मी विचारायचे.

त्याने लग्न केलं नाही. स्थळं यायची, मध्यस्थ कौतुकाने 'मुलगा कमांडो आहे' सांगायचे, आणि दादा कुठलंतरी खुसपट काढून नकार द्यायचा. माझ्यामुळेच असं मी म्हणत नाही. नाही असंही म्हणवत नाही. त्याचा एकच जिवाभावाचा मित्र होता, साताऱ्याकडचे सुभेदार मोरे. दोघं एकाच पलटणीतून चाचणीला गेले होते. मोरे पास झाले आणि पुढे वीस वर्षं खरोखरच कमांडो होते. दादा त्यांच्याविषयी देवाविषयी बोलावं तसं बोलायचा. दरवर्षी त्यांच्या गावी जायचा, शेतातले हरभरे घेऊन यायचा. मात्र त्यांना त्याने कधी दहिसरला आणलं नाही. मी विचारलं की म्हणायचा, "त्याला मुंबईची हवा मानवत नाही." मला ते पटायचं… मी शिक्षिका आहे, मुलांच्या थापा दारातच ओळखते, आणि हे मला तीस वर्षं पटत होतं.

दादा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी नाक्यावर बोर्ड लागला. मुंबईत माणूस गेला की गल्लीच्या तोंडाशी त्याचा भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, त्यात नवल नाही. मंडळाचा अध्यक्ष सचिन फोटो मागायला आला तेव्हा मी दादाचा साधा, बिनटोपीचा फोटो दिला होता. मजकूर काय टाकू, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच बघा. पुन्हा तेच केलं मी. बोर्डावर 'कै. कमांडो दिलीपदादा' असं लिहिलं होतं, आणि फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरवर दादाच्या डोक्यावर मरून टोपी चढवली होती. थोडी तिरकी, बिल्ल्यासकट, अगदी झकास बसवली होती. मी त्या बोर्डाखालून रोज जा-ये केली. दूध आणलं, फुलं आणली. काही वाटलं नाही. खरंच काही वाटलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी सुभेदार मोरे आले. उंच, वाळलेले, पांढरा शर्ट. पहिल्यांदाच येत होते, तरी दाराशी आपोआप तिरके झाले आणि आत आल्यावर दारामागे नजर टाकून म्हणाले, "ह्यो का त्यो." पिट्ठूवर एकदा हात ठेवला. आईच्या पाया पडले, चहा घेतला, दादाच्या आठवणी काढल्या. बोर्डाबद्दल अवाक्षर नाही. मी त्यांना नाक्यापर्यंत सोडायला गेले. तिथे ते थांबले आणि बोर्डाकडे तोंड करून सरळ उभे राहिले.

"ताई, ही टोपी कुणी घातली त्याला?"

मी त्यांना सगळं सांगितलं. रिक्षावाले हॉर्न मारत होते, मी पत्राचं सांगत होते. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "माझ्या घरी एकदा फोटो काढत होतो. मी माझी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवाय गेलो गमतीनं. त्यानं हात धरला माझा. म्हनला, मोऱ्या, आपली न्हाई ती. तीस वर्सांत एवढ्या एकाच येळी हात धरला त्यानं माझा." मग बोर्डाकडे बघत म्हणाले, "मी किती येळा म्हनलं, आईला बघाय येतो. न्हाई आनलं त्यानं. आज कळलं का ते. उतरवा ही टोपी, ताई. आमच्यासाठी न्हवं. त्याच्यासाठी." आणि ते रस्ता ओलांडून निघून गेले. मला त्यांच्याकडून 'जाऊ द्या, लहान होता तुम्ही' असं काहीतरी हवं होतं. ते त्यांनी दिलं नाही, आणि बरोबरच केलं.

मी तशीच सचिनकडे गेले. तो चाळिशीचा, दादाच्या मागे धावून पोलीस भरतीत दोनदा नापास झालेला, आता केबलचा धंदा करतो. ऐकून खालीच बसला. "ताई, वाट लावलीत ना! अख्ख्या दहिसरने स्टेटसला ठेवलाय तो फोटो." मग मोबाइल हातात फिरवत म्हणाला, "काढतो. उद्या सकाळी काढतो. पण आधी आईला सांगा तुम्ही. मी बोर्ड उतरवला आणि तिने गॅलरीतून विचारलं, काय रे, का काढलास… तर मी काय सांगू तिला? ते माझ्याच्याने नाही होणार."

आई चौऱ्याऐंशीची आहे. मुलाच्या मागे आता तिच्याकडे एवढंच उरलं होतं, तो कमांडो होता हे. तेच काढून घ्यायला मी त्या जिन्याने वर चढत होते. मधल्या पायरीवर थांबले. वाटलं, नको. थोडेच दिवस राहिलेत तिचे, पावसात बोर्ड आपोआप फाटेल. मग मोरेंचं 'आपली न्हाई ती' आठवलं. दादाने जिवंतपणी जी डोक्याला लावू दिली नाही, ती तो गेल्यावर मी त्याच्या डोक्यावर ठेवून घरी मुलुंडला जाणार होते.

पत्र मी पर्समध्येच ठेवलं होतं. भूगोलाच्या वहीतून ते शाळेच्या सर्टिफिकेटांत, तिथून माझ्या लग्नाच्या बॅगेत आणि मग लॉकरमध्ये असं फिरत आलं होतं. बाराव्याच्या आधी मुलुंडला जाऊन ते का घेऊन आले, सांगता येत नाही. आईच्या खाटेवर बसले आणि म्हटलं, "आई, दादा पास झाला नव्हता. ते पत्र मी खोटं वाचलं."

आईच्या हातात जपमाळ होती, ती फिरायची थांबली. खालून भाजीवाल्याची हाक आली. मग ती म्हणाली, "मगे खरा काय व्हता तेच्यात?"

"वाचू?"

"वाच. आता नीट वाच."

मी उठून उभी राहिले. खोलीत आम्ही दोघीच, पण पत्र बसून वाचायची सवयच नाही मला. कागद घडीवर विरला होता, तरी अक्षर स्वच्छ होतं.

"चि. नलूस अनेक आशीर्वाद. मी पास झालो नाही. शेवटच्या चालीत ट्रकात बसलो. मला कुणी बसवलं नाही, माझा मीच बसलो. त्यांनी चहा दिला, तो प्यालो. मोऱ्या पास झाला, तो फार मोठा माणूस आहे. पाय बरे होत आहेत. बाबांना वाईट वाटेल, तर तू नीट समजावून सांग. तुला जमेल. आईस नमस्कार. तुझा दादा."

एवढंच होतं. तीस वर्षं जे लपवलं ते वाचायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

आई खिडकीकडे बघत होती. मला वाटलं, आता विचारेल, का केलंस असं. किंवा बाबांचं नाव घेईल. किंवा रडेल, म्हणजे मलाही कदाचित…

"चाय गरम होती काय गो?" आईने विचारलं.

पत्रात ते नव्हतं. 'हो' म्हणणं अगदी तोंडाशी आलं होतं. माझ्या तोंडाला ती सवय आहे. "ते लिहिलेलं नाहीये, आई," मी म्हटलं.

तिने मान हलवली. जपमाळ पुन्हा फिरू लागली. "आसतली," ती म्हणाली. "तेवढी थंडी, तेवढा चाललो तो. गरमच दिली आसतली तेंनी."

दुसऱ्या दिवशी सचिनने बोर्ड उतरवला. आठवड्याने छोटा नवा लावला, मी दिलेल्या साध्या फोटोचा. 'हवालदार दिलीप, निवृत्त', बस. चाळीत थोडी कुजबुज झाली, काहींनी माझ्याशी बोलणं सोडलं. पावसाने तोही बोर्ड आता गेला आहे. मला अजून रडू आलेलं नाही. मी दर रविवारी दहिसरला जाते. गेल्या खेपेला पिट्ठू खिळ्यावरून काढायला गेले, तर एका हाताने हललासुद्धा नाही. "रवांदे थयच," आई खाटेवरून म्हणाली. मी राहू दिला. दार अजून अर्धंच उघडतं. मी पिशव्या आधी आत सरकवते, मग अंग चोरून तिरकी आत जाते.